माझं पाऊल, बरोबर एक फूट

रविवार, २० एप्रिल. ईस्टर.

आजपासून रोजनिशी. कारण घडलेल्या गोष्टींची खरी नोंद कुठेतरी असावी. या घरात प्रत्येक प्रसंगाच्या तीन आवृत्त्या निघतात आणि तिन्हींत चूक माझी असते.

आजचा प्रसंग असा. सासूबाई (लव्हॉन, वय ८२, जिभेचं वय २५) जेवायला आल्या. हातात गाजर घातलेल्या हिरव्या जेलीचं भांडं. रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या ड्राइव्हवेतल्या खड्ड्यात पाय गेला आणि त्या मटकन खाली बसल्या. भांडं सरळ मांडीवर. जेलीचा एक तुकडाही सांडला नाही. म्हणजे नुकसान शून्य. तरी आरडाओरडा असा की जणू मीच तो खड्डा रात्रभर जागून खणला.

वास्तविक खड्डा बर्फाने केला आहे. विस्कॉन्सिनमध्ये राहायचं तर पाणी भेगेत शिरणार, गोठणार, फुगणार. याला मी काय करू?

सासूबाईंनी जेवताना जाहीर केलं की हा खड्डा बुजेपर्यंत त्या आमच्याकडे पाऊल ठेवणार नाहीत. ब्रिटाची पार्टी असली तरी. कार्ड पोस्टाने पाठवतील.

ब्रिटा, माझी मुलगी, यंदा शाळा संपवते आहे. ७ जूनला तिची पार्टी. गावात सगळ्यांची असते तशीच: गॅरेजचं दार उघडं, ड्राइव्हवेवर टेबलं, अख्खं गाव येऊन सॉसेज खाऊन जातं. ब्रिटा बराच वेळ जेलीतली गाजरं बाजूला काढत बसली. मग म्हणाली, आजी येणार नसेल तर मला पार्टीच नको.

लिनेट (पत्नी) म्हणाली, उद्याच डांबरवाल्याला फोन करते. मी म्हटलं, एका खड्ड्याला डांबरवाला? मी घरच्या घरी करतो. दोन शनिवार पुरे. लिनेटने तिच्या आईकडे पाहिलं. तिच्या आईने छताकडे पाहिलं.

संकल्प: ७ जूनला सासूबाई गाडीतून उतरून गॅरेजपर्यंत आपल्या पायांनी चालत जातील. मी स्वतः बाजूला उभा राहून बघेन.

सोमवार, २१ एप्रिल. सकाळी ६.४०.

कामावर जाण्याआधी माप घेतलं. मी चीजच्या कारखान्यात वजन-मापाच्या खात्यात आहे, त्यामुळे मोजणं अंगवळणी पडलेलं. टाचेला टाच लावून चाललो. माझं पाऊल बरोबर एक फूट. लहानपणापासून मी सगळं असंच मोजत आलोय. ड्राइव्हवे साठ पावलं लांब, बावीस रुंद. खड्डा तीन पावलं लांब, दोन रुंद, अर्धं पाऊल खोल.

शेजारचा आर्लन आपल्या ओट्यावर कॉफी पीत बघत होता. म्हणाला, टेप देऊ का? मी म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? तो म्हणाला, नाही, मी आपलं विचारून ठेवलं.

आर्लन निवृत्त आहे. रस्ते खात्यात एकतीस वर्षं डांबर टाकत होता. अशा माणसांचा एक दोष असतो. सरकारी सामान, सरकारी यंत्रं. घरगुती, कमी खर्चातल्या कामाची त्यांना कल्पनाच नसते. त्याचा स्वतःचा ड्राइव्हवे काचेसारखा आहे. मला ते दिखाऊ वाटतं.

शनिवार, ३ मे.

काम सुरू करणार होतो. पण आज मासेमारीचा हंगाम उघडला. या दिवशी घरी राहिलेल्या माणसाला आमच्या गावात लोक तब्येत विचारतात. गेलो. एक मासा मिळाला. लहान होता, सोडला.

लिनेटने विचारलं, पहिला शनिवार गेला का? मी म्हटलं, दोन शनिवार म्हणजे कुठलेही दोन.

शनिवार, १० मे.

सामान आणलं. थंड डांबराच्या पिशव्या, थेट पिशवीतून खड्ड्यात ओतायच्या. दुकानातल्या पोरीने विचारलं, एवढ्या? म्हटलं, माप घेतलंय. पिशव्या गाडीच्या डिकीत टाकल्या. लिनेटसाठी मदर्स डेची कुंडीही डिकीतच होती हे नंतर लक्षात आलं. फुलं दबलेली असली तरी रंग शाबूत आहे.

रविवार, ११ मे. मदर्स डे.

सासूबाईंच्या फ्लॅटवर जेवण. ईस्टरपासून त्या वॉकर घेऊन चालतात. त्याच्या पायांना टेनिसचे चेंडू लावलेत, म्हणजे फरशीवर आवाज होत नाही. नाटक आहे, असं मी म्हणणार नाही. पण चेंडू नवेकोरे आहेत.

दार उघडल्या उघडल्या म्हणाल्या, काय डेल, खड्डा बुजला, की मी कार्डासाठी पोस्टाचं तिकीट विकत आणू? मी म्हटलं, पुढच्या शनिवारी. त्या म्हणाल्या, तिकीट आहेच म्हणा घरात.

ब्रिटा परतताना गाडीत मागच्या सीटवरून पुढे वाकली. मग म्हणाली, बाबा, आर्लनकाकांना सांगू या ना. ते कधीचे तयार आहेत. मला फक्त आजी यायला हवी.

मी समजूत घातली. म्हटलं, तुझी बास्केटबॉलची फ्री थ्रोची रेघ कोणी मारली? तू आठ वर्षांची होतीस. गॅरेजच्या हूपपासून पंधरा पावलं मोजून मीच मारली. आज अख्ख्या जिल्ह्यात तुझ्यासारखे फ्री थ्रो कोणाचे नाहीत. का? कारण पाया पक्का. यावर ती खिडकीबाहेर बघायला लागली. भरून आलं असावं.

त्या रेघेचं श्रेय थोडं सासूबाईंनाही आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. त्या दर रविवारी घडीची खुर्ची टाकून बसायच्या आणि किती चेंडू गेले ते मोजायच्या. मोजण्याची आवड आमच्या घरात दोघांनाच.

शनिवार, १७ मे.

खड्डा बुजवला!

पिशवीवर लिहिलंय, थोडं थोडं टाकून प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा. धुम्मस भाड्याने आणायचं म्हणजे उगाच खर्च. आपल्याकडे गाडी आहे. सगळं एकदम ओतलं, वर फळी टाकली आणि गाडी मागे-पुढे, मागे-पुढे चाळीस वेळा. तिसाव्या खेपेला आर्लन ओट्यावरून उठून कुंपणाशी आला. म्हणाला, डेल, फळी चाकाखाली नाहीये. मी म्हटलं, ठाऊक आहे. (नव्हतं.)

दोन पिशव्या उरल्या. वाया कशाला घालवायच्या? त्याही वर टाकल्या.

रविवार, १८ मे.

खड्डा होता तिथे आता उंचवटा आहे. फार नाही. पाव वीतभर. हे चांगलंच झालं, पाणी साचणार नाही. पेपर टाकणारी बाई सकाळी त्याला अडखळली, पण ती मुळातच घाईत असते.

आर्लन येऊन बघून गेला. खिशात हात घालून बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, वेगळंच झालंय. आता आमच्याकडे 'वेगळंच आहे' असं लोक कधी म्हणतात ते मला ठाऊक आहे. शेजारणीने केलेला पदार्थ घशाखाली उतरत नसला की म्हणतात. पण आर्लनचा सूर निराळा होता. कौतुक करायची सवय नसलेल्या माणसाचा.

लिनेट म्हणाली, आई खड्ड्यात पडली, आता डोंगरावरून पडेल. मी म्हटलं, अजून बसेल तो. मूळ ड्राइव्हवेच वाकडा आहे. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. अहो, पण अंगण वाकडंच आहे ना!

सोमवार, २६ मे. मेमोरियल डे.

परेड बघून येताना सीलर आणला. ड्राइव्हवेवर पसरायचं काळं रसायन. एकदा ते फासलं की उंचवटा, भेगा, ठिगळं सगळं एकजीव दिसतं. साठ गुणिले बावीस, दोन हात. आठ बादल्या. गाडीचा मागचा भाग घरी येईपर्यंत जमिनीला लागत होता.

आर्लनने विचारलं, आठ? मग टेप पुढे केला. पिवळा, कमरेला लावायचा. रस्ते खात्यातला असणार. मी नम्रपणे नाही म्हटलं. प्रत्येक वेळी आपल्या ओट्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, याला शेजारधर्म म्हणत नाहीत.

लिनेटची मुदत: रविवारपर्यंत झालं नाही तर ती आर्लनला सांगणार. मी म्हटलं, होईल. बादल्यांवर लिहिलंय की पहिला हात पातळ द्यावा, वाळू द्यावा, मग दुसरा. एकूण दोन दिवस, चांगलं ऊन हवं. आज ऊन होतं. पण आज सुट्टी.

रविवार, १ जून.

पाऊस.

सोमवार, २ जून.

पाऊस. लिनेट आर्लनला सांगायला निघाली होती. मी म्हटलं, पावसात तो तरी काय करणार? हा मुद्दा बिनतोड होता.

बुधवार, ४ जून.

पाऊस थांबला, जमीन ओली. सासूबाईंचा फोन. मी म्हटलं, अगदी गालिचा अंथरलाय असं समजा. त्या म्हणाल्या, ब्रिटाने शपथेवर सांगितलं तर येते. ब्रिटाने फोन घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, आजी, बाबा करतायत.

पोरीने माझी बाजू घेतली. आता माघार नाही.

शुक्रवार, ६ जून. दुपारी ३.१५.

कामावरून लवकर निघालो. ऊन आहे! थोडं ढगाळ, पण आहे. योजना: दोन पातळ हातांना वेळ नाही, म्हणून एकच जाड हात. हिशेब तोच, आठ बादल्या. शिंतोडे उडू नयेत म्हणून दोन्ही गाड्या गॅरेजमध्ये लावल्या. टेबलं, चर्चमधून आणलेल्या साठ खुर्च्या, सॉसेजचा फ्रीझर, सरबताचं पिंप, सगळं आधीच गॅरेजमध्ये नीट रचलेलं. इतकी पूर्वतयारी या गल्लीत कोणी केली नसेल.

ब्रिटाच्या रेघेवर चिकटपट्टी लावली. ती काळी होऊ द्यायची नाही.

संध्याकाळी ७.५०.

सगळा सीलर संपवला. आठही झाकणं आधीच उघडून ठेवली होती, परत थोडीच करता येणार? सहाव्या बादलीपासून तो पसरेना, नुसता बसायला लागला. पण रंग! काळाकुळकुळीत. चिकटपट्टी काढली. दोन्ही बाजूंना थर इतका की रेघ खाली चरात गेल्यासारखी दिसते. उठावदार वाटतं.

रस्त्याच्या टोकाला दोन बादल्या ठेवून दोरी बांधली. आर्लन दोरीपलीकडे उभा होता. म्हणाला, छान काळं झालंय. मग म्हणाला, डेल, खुर्च्या कुठे आहेत?

मी म्हटलं, गॅरेजमध्ये.

तो म्हणाला, आणि गॅरेजमध्ये जायचं कसं?

गॅरेज आमच्या घराला जोडलेलं नाही. मागे वेगळं आहे. पुढचं दार ड्राइव्हवेवर उघडतं. बाजूलाही एक दार आहे, पण त्याच्या आत माझी होडी, बर्फ काढायची दोन यंत्रं (एक दुरुस्त करायचंय) आणि पुढच्या कामांसाठी जमवलेलं लाकूड आहे. ते दार २०१६ नंतर उघडलेलं नाही.

मी म्हटलं, सकाळपर्यंत वाळेल.

शनिवार, ७ जून. सकाळी ५.३०.

बोट लावून पाहिलं. बोट काळं.

सकाळी ६.१५.

पुन्हा पाहिलं. दुसरं बोट.

सकाळी ७.००.

लिनेट उठली. खिडकीतून पाहिलं. पडदा परत ओढून घेतला. हे वाईट लक्षण. मग शांतपणे विचारलं, आईला आणायला वीस मैल कोण जाणार, आणि कशाने?

ब्रिटा पायऱ्यांवर बसून होती. पार्टीचा पांढरा फ्रॉक घातलेला. मी जवळ बसलो. मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, हो. आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

सकाळी ७.२०.

आर्लन हिरवळीवरून आला, हातात टिकाव-पहार. त्याने आणि त्याच्या रस्ते खात्यातल्या दोन म्हाताऱ्या मित्रांनी बाजूचं दार बिजागरीसकट काढलं. होडी बाहेर, यंत्रं बाहेर, लाकूड बाहेर. साठ खुर्च्या, टेबलं, फ्रीझर हिरवळीवरून थेट त्याच्या ड्राइव्हवेवर. मी एक टोक धरायला गेलो, तर आर्लन म्हणाला, तू सॉसेज मोज. मग थांबून म्हणाला, नको, तू कॉफी कर.

मग तोच आपला ट्रक घेऊन सासूबाईंना आणायला गेला.

रात्री ९.३०.

पार्टी झाली. आर्लनच्या ड्राइव्हवेवर, आर्लनच्या गॅरेजमध्ये. फाटकावर ब्रिटाने पुठ्ठ्यावर बाण काढून लावला होता: पार्टी इकडे, बाबा तिकडे. दीडशे लोक आले. प्रत्येकाने आधी तिकडे जाऊन माझा ड्राइव्हवे पाहिला. सगळे म्हणाले, वेगळंच आहे.

सासूबाई आल्या! ट्रकमधून उतरल्या, आर्लनचा हात नाकारला आणि वॉकर घेऊन गॅरेजपर्यंत आपल्या पायांनी चालत गेल्या. ब्रिटा धावत गेली. दोघी मिठी मारून बराच वेळ उभ्या होत्या. मी बाजूला उभा राहून बघितलं, जसं ठरवलं होतं तसंच. फक्त ड्राइव्हवे दुसऱ्याचा होता. तरी डोळ्यांत पाणी आलं, ते लिहून ठेवतो.

नंतर त्यांना माझं काम बघायचं होतं. कडेला जाऊन वॉकरने जरा दाबून पाहिलं. वॉकर परत आला, एक चेंडू आला नाही. त्या खाली बघत म्हणाल्या, ईस्टरला खड्डा होता डेल, निदान दिसत तरी होता.

गुरुवार, १२ जून.

आर्लन आणि मित्रांनी उंचवटा चौकोनी कापून काढला, नवं गरम डांबर टाकलं, ठोकलं. सगळीकडे वाळू पसरली म्हणजे चिकटपणा जाईल. दुपारच्या जेवणाआधी संपलं. मी पाण्याचा पाइप धरला होता. पाइप धरणंही वाटतं तितकं सोपं नाही.

टेनिसचा चेंडू निघाला नाही. आर्लन म्हणाला, राहू दे, खूण आहे.

रविवार, १५ जून. फादर्स डे.

ब्रिटाची भेट: टेप. पिवळा, कमरेला लावायचा. आर्लनसारखाच.

आनंदाने बाहेर गेलो. म्हटलं, आपल्या सर्वांत चोख कामापासून सुरुवात करू. हूपच्या फळीखालून ब्रिटाच्या रेघेपर्यंत टेप ताणला. पंधरा फूट यायला हवं.

साडेतेरा.

टेप खराब असावा म्हणून आर्लनचा आणला. साडेतेरा. बूट काढून मोजला. बारा इंच नाही. अकराही नाही. बुटात काही नाही म्हणून पाय मोजला. तो तर आणखीच कमी.

आत जाऊन ब्रिटाला म्हटलं, अगं, रेघ चुकलीय. दीड फूट पुढे आहे. दहा वर्षं तू चुकीच्या रेघेवरून चेंडू टाकतेयस.

ती म्हणाली, नाही बाबा. रेघेवरून नाही. सातवीत शाळेच्या कोर्टावर चेंडू कमी पडायला लागले, तेव्हा आजीने स्वयंपाकघरातल्या टेपने मोजून पाहिलं होतं. म्हणाली, रेघेच्या मागे एक पाऊल उभी राहत जा. आणि बापाला सांगू नकोस, त्याने मन लावून मारलीय.

सहा वर्षं. रोज संध्याकाळी मी खिडकीतून बघायचो ती एक पाऊल मागे उभी असायची. मला वाटायचं, तिची लकब आहे.

मी म्हटलं, आत्ता टेपने नवी रेघ मारतो. ती म्हणाली, नको. ऑगस्टमध्ये मी कॉलेजला जातेय, सुट्टीत आले की हीच असू दे. मला हिच्या मागे उभं राहायची सवय आहे.

संध्याकाळी सगळे आत असताना रेघेवर उभं राहून दहा चेंडू टाकून पाहिले. साडेतेरा फुटांवरून. एकही गेला नाही.